संजीवनी भाड्याने मिळत नाही

गोदाकाठच्या कोपरगावात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. देवांचा कच शत्रुपक्षाच्या या गुरूकडे राहिला, तो संजीवनी विद्या आत्मसात करण्यासाठी. 'क्लाउड'कडे वळणाऱ्या येथील साखर कारखान्यांनी, पतसंस्थांनी व व्यापाऱ्यांनी ही कथा ध्यानी ठेवावी.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. यंत्रसामग्रीत भांडवल अडकत नाही. गळीत हंगामात क्षमता वाढवावी, हंगाम सरताच घटवावी, वापरापुरतेच पैसे मोजावेत. सोय निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो किल्ली कोणाच्या हाती, हा.

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीवर निर्बंध लादले. भारताला असे एकतर्फी निर्बंध मान्य नाहीत. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. मायक्रोसॉफ्टची माहिती-केंद्रे २०१५ पासून पुण्यातही आहेत. पण यंत्रे पुण्यात आली म्हणून त्यांवरील सत्ता पुण्यात येत नाही.

यावर बहिष्कार हा उपाय नव्हे. सभासदांची खाती, ऊसबिले यांची एक प्रत नित्य स्वतःच्या ताब्यात असावी. माहिती परत मिळण्याची मुदत करारात लिहून घ्यावी. स्वदेशी सेवांचा पर्याय आधी तपासावा आणि हे तंत्र जाणणारे तरुण आपल्याच संस्थेत घडवावेत. परक्याकडून विद्या जरूर घ्यावी. परावलंबन घेऊ नये.