पोराच्या लिव्हरमध्ये पू, आणि आपण विडाल विडाल खेळत बसलो

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घरात लहान पोरं असतील तर शेवटपर्यंत वाचा.

माझा भाचा, वय ६. सोळा दिवस ताप. पहिले चार दिवस औषध माझ्याच दुकानातून गेलं, चिठ्ठीशिवाय. अठरा वर्षं मेडिकल चालवतोय, मला अक्कल असायला हवी होती. तेव्हा सगळं खापर डॉक्टरांवर फोडायला मी हे लिहीत नाहीये.

पाचव्या दिवशी विडाल केली. पॉझिटिव्ह! म्हणजे टायफॉइड. झालं, सलाईन सुरू. आता आपल्याकडं विडाल कुणाची पॉझिटिव्ह येत नाही सांगा? ही टेस्ट रक्तातल्या अँटिबॉडीज बघते. त्या जुन्या आजाराच्याही असू शकतात. एका विडालवर टायफॉइडचा शिक्का मारू नये हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण पुस्तक वाचतंय कोण. इंजेक्शनानं ताप दोन दिवस उतरायचा, परत चढायचा. पोरगं उजव्या बरगडीखाली हात लावू देईना, चालताना वाकून चालायचं. ताई सांगत होती, "दादा, ह्याचं पोट दुखतंय." सगळे म्हणाले जंत असतील.

शेवटी साठ किलोमीटरवर जिल्ह्याला नेलं. तिथल्या मॅडमनी पोट दाबलं, लिव्हर वाढलेलं लागलं, तासाभरात सोनोग्राफी. लिव्हरच्या उजव्या भागात ७ सेंटिमीटरची पुवाची गाठ. सोनोग्राफीत बघत बघत नळी घातली, दीडशे मिली पू निघाला. पोट फाडावं लागलं नाही. मॅडमनी विचारलं, "मागं अंगावर गळू झालं होतं का?" झालं होतं, मांडीवर, महिन्यापूर्वी. मुलांमध्ये ही गाठ बऱ्याचदा त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस जंतूनं होते, ते रक्तातून लिव्हरला पोचतात. काहींना अमिबामुळं होते, घाणेरड्या पाण्यातून. आणि हो, कावीळ दिसलीच पाहिजे असं नाही, बहुतेक पोरांना नसतेच. आम्ही रोज डोळे बघून "पिवळे नाहीत" म्हणत खूश होत होतो! गाठ छातीत किंवा पोटात फुटली असती तर जिवावर बेतलं असतं.

आता मुद्द्याचं. सोनोग्राफी मशीन आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. आठवड्यातून एकदा रेडिओलॉजिस्ट येतात, आणि त्या दिवशी फक्त गरोदर बायांची तपासणी. आम्ही नवव्या दिवशी, नेमकं त्याच वारी गेलो होतो. उत्तर मिळालं, "लहान मुलांचं इथं होत नाही, कायदा आहे." कुठला कायदा? १९९४ चा कायदा गर्भलिंग तपासणी रोखायला आहे. मशीनची नोंदणी हवी, बघणारा पात्र हवा, बरोबर आहे. पण सहा वर्षांच्या पोराचं लिव्हर बघू नका असं त्यात कुठं लिहिलंय, दाखवा मला. त्या दिवशी दहा मिनिटं काढली असती तर पोराचे सात दिवस वाचले असते.

गरोदर बायांची तपासणी थांबवा असं कुणी म्हणत नाही. त्याच दिवशी आठवडाभर ताप न हटलेली, पोट दुखणारी दोन-चार पोरं बघा, एवढंच. रुग्ण कल्याण समितीला लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. समितीवर आपल्यातलेच लोक आहेत, ही पोस्ट ते वाचतील. वाढदिवसाच्या बॅनरवरून वेळ मिळाला तर.

आणि आपल्या धंदेवाल्यांना: ताप आठवड्याच्या वर गेला की बाटली देऊ नका, दवाखान्यात पाठवा. मी बंद केलंय. गिऱ्हाईक तुटतंय, तुटू दे.

पोरगं घरी आलंय. दोन आठवडे शिरेतून औषध झालं, आता तोंडानं चालू आहे, एकूण सहा आठवडे. ताप नाही म्हणून मध्येच बंद करायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय. काल भाकरी मागून खाल्ली. पुढची सोनोग्राफी २८ तारखेला, परत साठ किलोमीटर.