घरचीं यंत्रें : चुकलेली ठिणगी

दहा-बारा वर्षें घरांत राहिलेली पेट्रोलची मोटार एखाद्या सकाळीं सुरू होतांना थरथरूं लागते. सिग्नलपाशीं उभी असतांना स्टीअरिंग हातांत कांपतें. चढावर पायाचा जोर वाढविला तरी वेग न वाढतां आचके मात्र बसतात. आणि समोरच्या तबकड्यांत एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेंत ह्यास ‘गाडी मिसिंग मारते’ असें म्हणतात. घरांत मात्र ह्याची दखल सहसा घेतली जात नाहीं, कारण गाडी चालत असते. थोरले काका तिच्यांतून बँकेंत जाऊन येतात, सूनबाई मुलांना शाळेंतून आणतात, पुतण्या रात्रीं पाहुण्यांना स्टेशनवर पोंचवितो. आणि प्रत्येकास वाटतें कीं, मिस्त्रीला दुसऱ्या कोणीं तरी सांगितलेंच असेल. ह्या महिन्यांत ह्या आचक्यांचें मूळ कोठें असतें व प्लग आणि कॉइल बदलण्याचें काम घरच्या घरीं कसें करतां येतें, ह्याचा विचार करूं.

पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें दाबलें गेलें, कीं तें पेटविण्यास ठिणगी लागते. बॅटरीचा विद्युद्दाब अवघा बारा व्होल्ट. एवढ्याशा बळावर दाबलेल्या वायूंतून मिलिमीटरभर फट ओलांडणें विजेस शक्य नाहीं. म्हणून मध्यें कॉइल घालावी लागते. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे त्यांच्या सुमारें शंभरपट वेढे, अशी तिची रचना असते. जाड तारेंतील प्रवाह एकाएकीं तोडला कीं गाभ्यांतील चुंबकत्व कोसळतें, आणि बारीक तारेंत क्षणमात्र वीस ते चाळीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलेंच हें तत्त्व. मोटारीसाठीं त्याला सुटसुटीत व भरंवशाचें रूप अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यानें १९१० च्या सुमारास दिलें. मात्र ठिणगीच्या तक्रारी ह्याहून जुन्या आहेत. १८८८ च्या ऑगस्टांत कार्ल बेंझ ह्यांच्या पत्नी बर्था ह्या, यजमानांस न सांगतां, दोन मुलांसह मानहाइमहून प्फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक मोटारीनें गेल्या. जगांतील हा पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेंत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या पिनेनें साफ केली, व ठिणगीची तार उघडी पडली तिला मोज्याचा बंद गुंडाळला, असें सांगतात. मोटारीची दुरुस्ती हें पुरुषांचेंच काम, असें मानणाऱ्या मंडळींनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांत बनणारी प्रीमियर पद्मिनी पुष्कळांच्या आठवणींत असेल. तिच्या चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असे, आणि डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता रोटर ती वीज १-३-४-२ अशा क्रमानें प्रत्येकाच्या वाट्यास देई. एका चुलीवर सगळ्या घराचा स्वयंपाक व्हावा, तशी ती व्यवस्था. चूल विझली कीं सारें घर उपाशी, आणि तें सर्वांस तत्काळ कळे. गाडी रस्त्यांतच उभी राही. पुढें विभक्त चुली आल्या. २०१० पासूनच्या वॅगन-आरमधील ९९८ घन सेंटिमीटरांचें तीन सिलिंडरांचें एंजिन पाहिलें, तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल बसविलेली दिसते. सोय मोठी आहे. परंतु ह्यांत एक चूल विझली तरी उरलेल्या दोन चालूच राहतात, आणि गाडी लंगडत का होईना घरीं येते. धोका नेमका येथेंच आहे.

ज्या सिलिंडरमध्यें ठिणगी पडत नाहीं, त्यांतील पेट्रोल न जळतां धुराड्याच्या वाटेनें बाहेर पडतें. त्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रें असलेल्या चिनी मातीच्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेला असतो, व त्यावरून जातांना विषारी वायूंचें रूपांतर होतें. न जळलेलें पेट्रोल व उरलेली हवा तेथें पोंचली म्हणजे तीं ह्या विटेवरच जळूं लागतात. वीट बेसुमार तापते, वितळते, छिद्रें बुजतात आणि एंजिनाचा श्वासच कोंडतो. एका कॉइलच्या कित्येक पट खर्च मग कन्व्हर्टरला येतो. ह्याकरितां नवीन पद्धतीच्या गाड्यांत पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर तपासणी करावी, आणि तो उघडझांप करूं लागला तर वेग उतरवून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. शिवाय तीन सिलिंडरांतील एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा बळ गेलें. बोरघाटांत मालमोटारीला ओलांडण्यासाठीं उजवीकडे निघावें आणि नेमकें त्या वेळीं गाडीनें अंग टाकावें, हा प्रसंग गाडींत वडीलधारीं माणसें व मुलें बसलेलीं असतांना कोणावर येऊं नये.

आतां दोषी कोण हें कसें ओळखावें? गॅरेजमध्यें स्कॅनर लावतात. हल्लीं तसें लहानसें यंत्र घरींही ठेवतां येतें. त्यावर ‘पी ०३०१’ दिसलें तर पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ दिसलें तर दुसरा, असा अर्थ. ‘पी ०३००’ म्हणजे दोष एका ठिकाणीं नाहीं. पण हा आंकडा ठिणगी कोठें चुकते एवढेंच सांगतो, कां चुकते तें सांगत नाहीं, आणि येथेंच पुष्कळ पैसा वायां जातो. समजा, दुसऱ्या सिलिंडरचा आंकडा आला. एंजिन बंद करून, तें थंड झाल्यावर, दुसरी कॉइल पहिलीच्या जागीं व पहिली दुसरीच्या जागीं बसवावी, जुना आंकडा पुसावा, व गाडी थोडी चालवून पाहावी. आंकडा ०३०१ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच अपराधी. ०३०२ च राहिला, तर त्याच रीतीनें प्लगांची अदलाबदल करावी. तरीही तो जागचा हलला नाहीं, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा सिलिंडरचें कॉम्प्रेशन पाहण्यास जाणत्या मिस्त्रीकडे जावें. ह्या परीक्षेस एक पैसाही पडत नाहीं. ती न करतां ‘तिन्ही कॉइल बदला’ म्हणणाऱ्याचा सल्ला मानूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

ज्यांची गाडी सी.एन.जी.वरही चालते, त्यांस आणखी एक खूण उपयोगी पडेल. हा वायू पेटविण्यास पेट्रोलपेक्षां अधिक विद्युद्दाब लागतो. त्यामुळें प्लग झिजले वा कॉइल दुबळी झाली, कीं गाडी आधीं गॅसवर आचके देते व पेट्रोलवर ठीक चालते.

चालू एंजिनावरील कॉइल उपटून ठिणगी पाहण्याची जुनी संवय मात्र अजिबात सोडावी. त्यांत कॉइल जळते व माणसासही जबर धक्का बसतो. ज्यांना पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं तर बॉनेट उघडें असतां चालू एंजिनावर वांकूंच नये.

प्रत्यक्ष कामाचा वेळ तासाभराचा. पण घाई करावयाची नाहीं. एंजिन पूर्ण थंड असावें, कारण त्याचें डोकें अल्युमिनियमचें असतें व तापलेलें असतां प्लग फिरविला तर आंटे निघून येतात. किल्ली काढून ठेवावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी. कॉइलच्या वायरीचा खटका वर्षांनुवर्षांच्या उष्णतेनें काचेसारखा ठिसूळ झालेला असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरनें न उचकटतां बोटानें हळुवार दाबावा. बोल्ट काढून कॉइल किंचित् डावी-उजवीकडे फिरवीत वर ओढावी. यानंतर लगेच पान्याला हात घालूं नये. प्लग ज्या खोल विहिरींत बसलेला असतो तींत धूळ, पानाचा चुरा, प्रसंगीं खडाही असतो. प्लग निघतांच तो कचरा सिलिंडरमध्यें पडतो. म्हणून सायकलच्या पंपानें कां होईना, ती विहीर आधीं फुंकून काढावी.

निघालेला प्लग क्रमांकवार कागदावर मांडावा. वैद्यानें जीभ पाहावी तसें हें परीक्षण आहे. टोंकाची चिनी माती फिकट तपकिरी किंवा करडी असली तर प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. काळें ओलें तेल असलें तर एंजिनाचें तेल आंत झिरपतें. पांढरी फटक होऊन फोड आले असतील तर उष्णता अधिक होते. कॉइलचा रबरी नळाही पाहावा. त्याला बारीक भेग पडली कीं पावसाळ्याच्या दमट हवेंत वीज प्लगच्या टोंकास न जातां बाजूनेंच पळते. विहिरींतच तेल सांचलें असेल, तर झांकणाचें सील गेलें आहे. तें न बदलतां नवी कॉइल घातली तर तीही थोड्याच दिवसांत जाईल.

नवा प्लग कंपनीच्या पुस्तिकेंत जो क्रमांक दिला असेल तोच घ्यावा, आणि खात्रीच्या दुकानांतून घ्यावा. ह्या वस्तूच्या नकला बाजारांत फार आहेत. साध्या निकेलच्या प्लगची फट फिलर गेजनें तपासावी. इरिडियमच्या टोंकाशीं मात्र खटपट करूं नये, तें मोडतें. प्लग पान्यानें सुरू न करतां त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनीं फिरवावा. आंटे तिरपे बसूं लागले तर नळी घसरते व नुकसान टळतें. टॉर्क रेंच असल्यास पुस्तिकेंतील मापापर्यंत आवळावा. नसल्यास, नव्या वॉशरचा चौदा मिलिमीटरचा प्लग बोटांनीं घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे.

प्लग सगळे एकदम बदलावेत, कॉइल जी सदोष ठरली तीच. ह्यामागें हिशेब आहे. चाळीस हजार किलोमीटर सरासरी ताशी चाळीसच्या वेगानें म्हणजे एक हजार तास. एंजिन मिनिटास दोन हजार फेरे घेतें असें धरलें, तर प्रत्येक प्लगनें तेवढ्या काळांत सहा कोटी ठिणग्या पाडल्या. सगळे सारखेच झिजलेले असतात. फट रुंदावली कीं तीच ठिणगी पाडण्यास कॉइलला अधिक दाब द्यावा लागतो, तिचें आंतील आवरण थकतें, व अखेर फुटतें. स्वस्त प्लगची हयगय महाग कॉइलच्या मुळावर येते ती अशी.

अनेक हातांखालीं वावरणाऱ्या गाडींत एक लहान वही ठेवावी. प्लग कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर बदलले, कोणती कॉइल कोठें बसविली, दिवा केव्हां लागला, हें ज्याच्या हातीं गाडी असेल त्यानें लिहावें. आणि लांबच्या प्रवासास निघतांना एक चांगली जादा कॉइल, दहाचा पाना व विजेरी डिकींत असूं द्यावी. अंधारांत, रस्त्याच्या कडेला, कॉइल बदलण्यास पांच-दहा मिनिटें पुरतात, फक्त हात भाजणार नाहीं इतकें एंजिन निवूं द्यावें.