रस्त्याचा क्रम आणि त्याचे कारण

मोहोळच्या चौकात उभे राहणाऱ्याला रस्त्यांची उणीव जाणवणार नाही. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो, पंढरपूरचा पालखी मार्गही येथूनच निघतो. महामार्ग सोडून सीनेच्या दिशेने आत वळले की मात्र, पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत वस्तीकडची वाट हरवते.

बँकेत असताना अशाच एका वस्तीवरील शेतकऱ्याचे दोन गाईंसाठीचे कर्ज आम्ही निम्म्यावर आणले होते. पावसाळ्यात दूध संकलनाची गाडी तेथे पोहोचत नाही, असे कारण टिपणीत नोंदवले. ते त्याला वाचून दाखवले. पुढच्या वर्षी तो चार महिन्यांच्या दुधाच्या पावत्या घेऊन आला. कॅन खांद्यावर घेऊन त्याने डांबरी रस्ता गाठला होता. उरलेले कर्ज मंजूर करावे लागले. कारण लिहिलेले होते, म्हणूनच त्याला ते खोडता आले.

रस्त्यांच्या निधीबाबत ही सोय सर्वत्र नाही. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत निदान निकष लिखित आहे: सपाट प्रदेशात पाचशे लोकवस्ती. पाचशे मीटरच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. आपल्याकडे शेताशेतांत विखुरलेल्या वस्त्यांना तेवढ्याने न्याय मिळतोच असे नाही. शिवाय गणती दीर्घकाळ २००१ च्या जनगणनेवर चालली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात ती २०११ वर आली. तरीही आपली वस्ती का वगळली, हे विचारायला हाती एक आकडा असतो.

राज्याच्या ‘२५१५’ लेखाशीर्षाखालील गावांतर्गत कामे लोकप्रतिनिधींच्या सूचनेवरून मंजूर होतात. त्यात गैर काही नाही. मतदारांनी त्यांना त्यासाठीच निवडले आहे. परंतु ‘अ’ गावाचा रस्ता ‘ब’ गावाच्या आधी का, याचे उत्तर मंजूर कामांच्या यादीत मिळत नाही. अशा मंजुरीचे आयुष्यही राजकारणाशी बांधलेले असते. २०२२ मध्ये सरकार बदलले, आधी मंजूर झालेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात गेली. पक्ष कोणता, हा प्रश्न येथे गौण आहे. मंजुरीमागे लिखित कारण असते, तर ती रोखणाऱ्यालाही ते कारण खोडून दाखवावे लागले असते.

नवा कायदा हवा, असे मला वाटत नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार आराखडे, प्रस्तावित खर्च आणि वाटप मागणीविना प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीलाही रस्त्यांची प्राधान्ययादी लोकसंख्या, शाळा व दवाखान्याचे अंतर आणि पावसाळ्यातील स्थिती यांच्या गुणांसह लावता येईल. गुणांचा क्रम डावलून एखादे काम वर घ्यायचे असेल तर अवश्य घ्यावे, पण एका ओळीत कारण लिहून.

वाचकहो, निवृत्त माणसाला कागद वाचायला वेळ असतो. ग्रामसभेत रस्त्यांची यादी वाचली जाईल, तेव्हा क्रमांकाशेजारी कारणाचा रकाना आहे का, एवढे मी विचारणार आहे. तो नसला, तर दहा रुपयांचे मुद्रांक तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज खिशात तयार आहे.