उघडी दारे, बंद कपाटे

फेब्रुवारी महिना सरत आला की पुणे परिसरातील संशोधनसंस्थांची दारे शाळकरी मुलांसाठी उघडतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांना कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा जो शोध लागला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळण्यात येतो. त्या सुमारास नारायणगावाजवळच्या खोडद येथे, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतील मुलांची रीघ लागते आणि मुलांनी स्वतः बनविलेली उपकरणेही तेथे मांडली जातात. ज्या संस्थांच्या फाटकाशी एरवी पहारेकरी अडवितो, तेथे मुलांनी मोकळेपणाने वावरावे, संशोधकांना प्रश्न विचारावेत, उपकरणांना हात लावावा, हे दृश्य कोणाही विचारी नागरिकास आनंद देणारेच आहे.

परंतु दुसऱ्या दिवशी ही मुले आपापल्या शाळेत परततात, तेव्हा तेथील चित्र काय असते? प्रयोगशाळा नावाची खोली असते, पण तीत वर्ग भरतो. काचेचे कपाट असते, पण त्याला कुलूप असते. एखादी परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरात तिचा हिशेब कोणी द्यावयाचा, या धास्तीने शिक्षक ते कुलूप काढीत नाहीत, आणि त्यांना दोष तरी किती द्यावा? सुस्थितीतले, न वापरलेले सामान दाखविणाऱ्या शिक्षकाला तपासणीत कोणी बोल लावीत नाही. वापरून फोडणाऱ्याला मात्र खुलासा द्यावा लागतो. अशा स्थितीत प्रयोग फळ्यावर होतो, निरीक्षणे सांगून लिहविली जातात, आणि प्रयोगवही गतवर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून पूर्ण होते.

शाळेतील प्रयोग हा पहिल्या पानावरील अग्रलेखाचा विषय कसा, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे, की हा प्रश्न केवळ विज्ञान या विषयाचा नाही. तो सत्याशी असलेल्या आपल्या नात्याचा आहे. न केलेला प्रयोग केला म्हणून लिहावयाचा, न घेतलेले वाचन घेतले म्हणून नोंदवावयाचे, आणि त्याखाली शिक्षकांची सही मिळवावयाची, हा खोटेपणाचा पहिला अधिकृत धडा आपली मुले विज्ञानाच्याच तासाला गिरवितात. पुढे कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात, पुलाच्या बांधकामावर हीच मुले आकडे लिहिणार आहेत.

एक साधे उदाहरण घेऊ. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला जड गोळी बांधून केलेल्या दोलकाचे वीस झोके मोजावयास सुमारे चाळीस सेकंद लागतात. त्या वेळेवरून आणि दोऱ्याच्या लांबीवरून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे त्वरण काढता येते. दोरा, गोळी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढ्या सामग्रीत आठवी-नववीच्या मुलालाही जमण्याजोगा हा प्रयोग आहे. वेळ मोजण्यात एका सेकंदाची चूक झाली तरी उत्तर शेकडा पाचांनी हुकते. म्हणजे प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या वर्गात कोणाचे उत्तर ९.४ येईल, कोणाचे १०.१ येईल. तथापि आपल्याकडील वह्या उघडून पाहाव्यात, पानोपानी ९.८ किंवा ९.८१ हाच आकडा ठाण मांडून बसलेला दिसेल. गंमत अशी, की ९.८१ हे मूल्य लंडनच्या अक्षांशाला शोभणारे आहे. विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून अर्धा किलोमीटरहून अधिक उंच असलेल्या पुण्यात ते ९.७८ च्या आसपास असते. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या चिकाटीच्या मुलाने कसोशीने मोजून ९.७८ लिहिले, तर पुस्तकाशी ताडून पाहणारा परीक्षक त्यालाच चुकीचा ठरवील आणि लंडनचा आकडा उतरविणाऱ्याला पूर्ण गुण देईल. बाबावाक्यं प्रमाणम् या वृत्तीची आपण व्यासपीठांवरून थट्टा करतो. प्रयोगवहीत मात्र तिचीच पूजा चालू आहे.

संशोधनसंस्थेत मुलांनी का जावे, याचे खरे कारण येथे आहे. तेथील यंत्रे अवाढव्य असतात, म्हणून नव्हे. तेथील माणसांना उत्तर आधी ठाऊक नसते, म्हणून. संशोधकाच्या नोंदवहीत फसलेला प्रयोगही तारखेसह लिहिलेला असतो, नकोसे वाचन खोडले जात नाही, आणि 'असे का आले?' या प्रश्नाने तिथे कामाला आरंभ होतो. हे वातावरण एका फेरफटक्यात अंगी लागत नाही. त्यासाठी सहवास लागतो. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या आयुका या संस्थेने १९९३ पासून शाळकरी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभर शास्त्रज्ञांच्या सान्निध्यात आणण्याची प्रथा सुरू केली, ती हे ओळखूनच. ठराविक अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. एक विषय घ्यावा आणि शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्याच्याशी झुंजावे. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून त्याच आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी तेथे वर्षानुवर्षे आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, शीतपेयाच्या नळ्या अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो उपकरणे करून दाखविली. पैसा नाही म्हणून प्रयोग नाहीत, ही सबब त्यांनी कायमची निकालात काढली आहे.

हे सारे निवडक शहरी मुलांपुरतेच शक्य आहे काय? तसेही नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी मुलांना सहलीला नेले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांना प्रयोगसाहित्याच्या पेट्या दिल्या आणि मुख्य म्हणजे परीक्षा बदलली. पुस्तक जवळ ठेवून उत्तरे लिहावीत आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा, अशी ती परीक्षा होती. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु खेड्यातील सामान्य शाळेत हे होऊ शकते, याचा पुरावा त्याने मागे ठेवला आहे.

शास्त्रज्ञांनी संशोधन करावे की मुले सांभाळावीत, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी पोकळ नाही. प्रत्येक संशोधकाने प्रत्येक मुलाला शिकवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. म्हणूनच आमची सूचना अशी, की संस्थांनी आपले बळ मुलांच्या गर्दीपेक्षा शिक्षकांवर अधिक वेचावे. एका दिवसात हजार मुलांना यंत्रे दाखविण्याहून तीस शिक्षकांना दोन आठवडे स्वतः प्रयोग करावयास लावणे अधिक फलदायी होईल, कारण एकेक शिक्षक पुढील वीस वर्षांत हजारो मुलांपर्यंत पोहोचतो. विज्ञान व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ साली केंद्रीय विद्यालयांशी हातमिळवणी करून 'जिज्ञासा' हा कार्यक्रम सुरू केला, तो स्तुत्यच आहे. मात्र महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांकडे अशा उपक्रमांनी आवर्जून वळले पाहिजे. शेकडा नव्वद गुणांची अट घालून निवड केली, तर ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्यालाच पुन्हा दार उघडेल. आणि या मुलांशी मराठीत बोलावयास संस्थांनी संकोचू नये. शंका ही मातृभाषेतच नीट विचारता येते.

शिक्षण मंडळाचे कर्तव्य याहून मोठे आहे. दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी वीस गुण राखलेले आहेत आणि ते बहुतेक ठिकाणी उदारहस्ते वाटले जातात, हे पालकांना ठाऊक आहे. हे गुण आलेल्या उत्तराला न देता घेतलेल्या निरीक्षणाला द्यावेत. वाचन पुस्तकाहून वेगळे आले आणि विद्यार्थ्याने त्याची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला, तर त्याला अधिक गुण मिळावेत. वापरात फुटलेल्या काचसामानाची रक्कम शाळेच्या वार्षिक खर्चात धरावी, म्हणजे शिक्षकाच्या मनातील धास्ती जाईल. या दोन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही की परदेशी यंत्र लागत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मूल संध्याकाळी घरी आल्यावर किती गुण पडले हे आपण विचारतोच. आज काय मोजलेस आणि काय चुकले, हेही विचारावे. संस्थांनी आपली दारे उघडावयास आरंभ केला आहे. आता शाळांनी कपाटांची कुलुपे काढावीत, आणि मुलाला जे वाचन आले तेच वहीत लिहिण्याची मुभा द्यावी.