डॉक्टरांचे नेतृत्व कोणाच्या बाजूने?

आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेत डॉक्टरांना अग्रस्थान मिळावे, ही मागणी रास्तच आहे. रुग्णालयातील उणिवांची किंमत रुग्ण कशी मोजतो, हे जे रोज पाहतात त्यांना डावलून सचिवालयात आखलेल्या योजना कागदावरच राहतात. परंतु डॉक्टर हा एकजिनसी थर नव्हे. सरकारी रुग्णालयात सलग ३६ तास राबणारा निवासी डॉक्टर आणि खाजगी रुग्णालयाचा मालक डॉक्टर यांचे हितसंबंध एक नाहीत. म्हणूनच नेतृत्व कोणत्या डॉक्टरांचे, हा खरा प्रश्न आहे.

अलीकडच्या दोन आंदोलनांनी तो स्पष्ट केला. २१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्क विधेयक संमत केले. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न घेता उपचार करण्याचे बंधन खाजगी रुग्णालयांवरही आले. त्याविरुद्ध खाजगी डॉक्टरांनी रुग्णालये बंद ठेवली. उपचाराचा खर्च सरकार कसा भरून देणार, ही त्यांची शंका गैर नव्हती. पण त्यासाठी स्पष्ट नियम मागता आले असते. मागणी झाली ती विधेयकच मागे घेण्याची. ४ एप्रिलच्या समझोत्याने ५० हून कमी खाटांची, तसेच सरकारी सवलती न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्यातून वगळण्यात आली. हक्क नावापुरता उरला.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावरील तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. कनिष्ठ डॉक्टरांनी न्याय आणि संरक्षण तर मागितलेच. शिवाय रुग्णांना योग्य रुग्णालयात पाठविणारी मध्यवर्ती व्यवस्था, मोकळ्या खाटांची उघड नोंद आणि डॉक्टर-परिचारिकांच्या रिक्त जागा भरणे, याही मागण्या केल्या. खाटेसाठी वणवण करणाऱ्या रुग्णाचा संताप अखेर डॉक्टरवरच कोसळतो. डॉक्टरची सुरक्षितता आणि रुग्णाचा हक्क या लढ्यात एकत्र आले.

पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांना मुकता कामा नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. डॉ. ए. एल. मुदलियार यांच्यासारखे डॉक्टर त्या समितीचे सदस्य होते. त्या तत्त्वाशी बांधील असलेल्या डॉक्टरांकडेच सुधारणेचे नेतृत्व गेले पाहिजे, आणि तेही परिचारिका, आशा कर्मचारी व रुग्ण यांना उत्तरदायी राहून. अशा डॉक्टरांना एकाकी पडू न देणे, त्यांच्या मागण्या कामगार व किसान संघटनांच्या व्यासपीठावर नेणे, हे पक्षसभासदांचे तातडीचे कर्तव्य आहे.