काम हंगामी, फुफ्फुस बारमाही

दसरा उलटला की बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत जिनं धडधडू लागतात. रेच्यातून एका अंगाला रुई पडते, दुसऱ्या अंगाला सरकी. वर उडते ती धूळ. रुईला भाव आहे, सरकीला भाव आहे. धूळ तेवढी फुकट. ती जाते मेळघाटातून उतरलेल्या कोरकूच्या, परराज्यातून आलेल्या मजुराच्या आणि आपल्या वस्तीतल्या मायमावश्यांच्या छातीत.

या धुळीच्या रोगाला नाव आहे : बिसिनोसिस. बोंडाच्या वाळक्या पातीचा चुरा आणि त्यावरचे जंतू श्वासनळ्या आवळतात. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती दाबून येते. तेव्हाच धुळीतून बाहेर पडलं तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं त्यातच राहिलं तर दमा कायमचा मुक्कामाला येतो. एक्स-रेत याची खूण सापडत नाही. म्हणून डॉक्टरनं विचारायला पाहिजे, 'बाई, काम काय करता?' माझी माय जिनात सरकी झाडायची. तिला खोकल्याचं औषध मिळालं, टीबीचा संशय मिळाला. हा एक सवाल कुणी केला नाही.

आता कायदा बघा. 1942 ते 1946 बाबासाहेब मजूरमंत्री होते. 1944 साली अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल त्यांच्याच काळात आला. त्यातून पुढं 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. पण त्या कायद्यानं हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी कोण हे सांगताना पहिलंच नाव घेतलं कापसाच्या जिनिंगचं! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ही मेख तशीच ठेवली. भरपाईच्या यादीत कापसाच्या धुळीचा रोग आहे. पण सलग नोकरीचा पुरावा आणा म्हणतात. दर साली जिन नवं, मालक नवा, नाव फक्त मुकादमाच्या वहीत. पुरावा काय कपाळावर गोंदवायचा?

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडानं ओला करावा लागे ना! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल ऐरणीवर आणला. तिथं धाग्याला आमची थुंकी चालली नाही. इथं त्याच कापसाची धूळ आमच्या छातीला बरी चालते.

दोस्तहो, काम चार-सहा महिन्यांचं असेल. फुफ्फुस बारा महिन्यांचं आहे. म्हणून आमची मागणी साफ आहे. जिनिंगची सूट रद्द करा. हजेरीकार्ड मजुराच्या हातात द्या. धूळ ओढणारे पंखे मालकानं बसवावेत. फुंकून दम मोजायची तपासणी इर्विन आणि सर्वोपचारनं हंगामात जिनच्या फाटकावर आणावी. आणि होळीला कोरकू गावी परतला की त्याचा कागद धारणी-चिखलदऱ्याच्या दवाखान्यात त्याच्याआधी पोचला पाहिजे.

शिकलेल्या पोरांनो, या हंगामात फाटकावर उभे राहा. एकेकाचं नाव, काम आणि किती हंगाम झाले ते लिहून घ्या. सरकारकडं आकडा नसेल तर आपली वहीच आकडा होईल.

जय भीम.