कापसावरील विषाणू आणि फवारणीची मर्यादा

पंजाबमध्ये २०१५ साली पांढऱ्या माशीने कापसाचे उभे पीक उद्ध्वस्त केले. वारंवार फवारण्या करूनही ती आटोक्यात आली नाही. कापसाची पाने आकसवणारे बेगोमोव्हायरस गटातील विषाणू हीच माशी पसरवते. लागण झालेल्या झाडावर औषध नाही, आणि बीटी वाणांचे संरक्षण बोंडअळीपुरतेच आहे. प्रतिकारक्षम वाणांचाही भरवसा नाही: पाकिस्तानात बुरेवाला येथे २००१ मध्ये विषाणूच्या नव्या प्रकाराने त्यांच्यावर मात केली. देशी कापसाला मात्र हा रोग बाधत नाही. पण त्याचा धागा आखूड, त्यामुळे गिरण्यांची पसंती आणि बीटी तंत्रज्ञान, दोन्ही अमेरिकन कापसाच्या वाट्याला गेले. परिणामी पंजाबमधील कापसाचे क्षेत्र घटत असून, भूजल आधीच खोल गेलेल्या या राज्यात अनेक शेतकरी भाताकडे वळले आहेत.